हालचाल आढळली नाही

आमच्या कंपनीत एक नियम आहे. ग्राहकाने काही लिहून पाठवलं की आपण उत्तर द्यायचं आणि आठवडाभर वाट बघायची. त्याच्याकडून पुढे काही आलं नाही, तर यंत्रणा आपोआप ती तक्रार बंद करते आणि खाली शेरा मारते, 'ग्राहक समाधानी'. हा नियम कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला मला ठाऊक नाही. पण तो माणूस मला कधी रस्त्यात भेटला ना, तर त्याला मी धड घरी जाऊ देणार नाही.

मी नोएलिया. राजधानीत, मोन्तेविदेओत, बंदराजवळ आमचं ऑफिस आहे, आणि आलेल्या तक्रारींना उत्तरं देणं हे माझं काम. आम्ही एकच वस्तू बनवतो, 'चिचार्रा'. उन्हाळ्यात झाडाला चिकटून दिवसभर किरकिरतो त्या किड्याचं नाव. ज्यांची वाचा गेली, हातपायही गेले, अशा लोकांसाठी ती आहे. टॅबलेटच्या पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळत जातात, आणि माणसाच्या अंगात जे काही हलतं उरलं असेल, कोणाची भुवई, कोणाचा अंगठा, त्यावर कॅमेरा नजर ठेवून असतो. हवं ते अक्षर उजळलं की तेवढं हलवायचं. असा शब्द होतो, वाक्य होतं, आणि मग चिचार्रा ते मोठ्याने बोलून दाखवते.

लांबच्या सालतो गावातल्या एल्बिओ तेचेराचा डावा गाल हलायचा. बाकी सगळं आजाराने खाल्लं होतं. जन्मभर संत्र्यांचे ट्रक चालवलेला माणूस, बहिणीकडे, मिर्ताबाईकडे, खुर्चीत पडून असायचा. बुबुळंसुद्धा मनासारखी वळत नसत. कान मात्र तिखट होते, आणि डोकं त्याहून तिखट. एक तक्रार लिहायला त्याला तास लागायचा आणि तरी तो दर आठवड्याला लिहायचा.

पहिली तक्रार मला अजून पाठ आहे. 'नोएलिया, तुमची ही बाई "ट्रुको" असं म्हणते, जणू एखादी नन मेणबत्ती मागतेय. समोरचा घाबरायला हवा की नको?'

आता ट्रुको हा आमचा पत्त्यांचा खेळ, पण तो पत्त्यांवर कमी आणि तोंडावर जास्त चालतो. हातात सगळी कचरा पानं असताना 'ट्रुको!' अशी आरोळी ठोकायची की समोरच्याने डाव सोडून पळावं. थाप मारायची आणि दुसऱ्याची थाप ओळखायची, यातच सगळी गंमत. दर गुरुवारी एल्बिओचे जुने सोबती डाव मांडायला यायचे आणि त्याची पानं एका लाकडी पट्टीवर उभी करून ठेवायचे. त्याने चिचार्रात ढीगभर वाक्यं साठवून ठेवली होती, निम्मी तरी लिहिण्याजोगी नाहीत. सगळ्यात लाडकं वाक्य होतं, 'थाप मारतोयस! नाकपुडी बघ कशी फुगलीय!' थापाड्याला पकडण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या सालतोत कोणी नव्हता, असं तो स्वतःच सांगायचा.

मी त्याची तक्रार गास्तोनला दाखवली. गास्तोन आमचा मुख्य इंजिनिअर. तो हसून हसून लोळला आणि सुट्टीच्या दिवशी येऊन त्याने आवाज जरा खरखरीत करून दिला. एल्बिओचं उत्तर आलं, 'आता बाई दोन पेले लावून आल्यासारखी वाटते. उत्तम. माझ्याकडून तिला अजून एक पाजा.'

हे मुद्दाम सांगतेय, कारण गास्तोन वाईट माणूस नाही. आमच्यात वाईट कोणीच नव्हतं, आणि म्हणूनच माझा जास्त जळफळाट होतो.

एप्रिलमध्ये मोठं अपडेट निघालं. कॅमेऱ्याचा भाग गास्तोनच्या लोकांनी पार नव्याने लिहिला होता. नव्या टॅबलेटवर तो काय पळायचा! अपडेटआधीच्या बैठकीत मी विचारलं, "आणि जुन्या टॅबलेटवाल्यांचं काय?"

"बारीक हालचाल पकडायला जरा जड जाईल," गास्तोन म्हणाला. "पण असे लोक मूठभर आहेत."

मारीसा, आमची मॅनेजर, माते, म्हणजे आमचा कडू चहा, नळीने ओढता ओढता म्हणाली, "आधीच कशाला डोकं फोडायचं? तक्रारी आल्या की बघू."

तक्रारी आल्या की बघू! सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बैठक संपली.

अपडेट रात्रीतून आपोआप सगळीकडे गेलं. त्या सुमारास एल्बिओने एक नवीन मागणी केली होती, चिचार्राला हसता आलं पाहिजे, जिंकल्यावर तो नुसता बसून राहतो ते बरं दिसत नाही. मी विचारलं होतं, 'कसं हसू हवंय?' त्यावर काहीच आलं नाही. आठवडा गेला. यंत्रणेने तक्रार बंद केली. ग्राहक समाधानी.

मला ते पटेना. एल्बिओ शेवटचा शब्द दुसऱ्याला सोडून देईल? शक्यच नाही. रागावला असेल म्हणून अजून दोन आठवडे वाट बघितली. ग्राहकांना आपणहून फोन करायचा नाही, असा आमच्याकडे आणखी एक नियम आहे. मी फोन लावला.

"मिर्ताबाई? मी नोएलिया, चिचार्रावाली."

"अगं बाई, तू होय! तुझ्याबद्दल किती बोलायचा तो."

'बोलायचा' ऐकून मी एकदम विचारलं, "गेले?"

"नाही गं. आहे. पण गाल गेला. महिना होत आला." बहीण अगदी शांतपणे सांगत होती, रडून झालेलं माणूस सांगतं तसं. "डॉक्टर म्हणाले, हे कधीतरी व्हायचंच होतं. आणि यंत्रानेच सांगितलं ना. सकाळी लावलं की पडद्यावर यायचं, 'हालचाल आढळली नाही'. मी रोज लावायचे, तासभर बसायचे. रोज तेच. मग म्हटलं, कशाला त्या जिवाचा छळ. आता कपाटात ठेवलंय."

मी खुर्चीतून कधी उठले मला कळलं नाही. "मिर्ताबाई, ऐका. टॅबलेट राहू दे. तुम्ही नुसतं त्यांच्या गालाकडे बघा आणि त्यांना हलवायला सांगा. आत्ता."

तिने फोन टेबलावर ठेवला. चपलांचा आवाज. मग लांबून, "एल्बिओ, ए एल्बिओ, नोएलिया विचारतेय, गाल हलव बघू." आणि मग तिच्या तोंडून जो आवाज आला तो मला इथे लिहिता येणार नाही.

"हलतोय," ती फोनवर येऊन म्हणाली. "अगं पोरी, हलतोय गं. चांगला हलतोय." आणि थोड्या वेळाने, "मी त्याच्यासमोर बसून बोललेय गं. त्याच्यासमोर! म्हटलं, आता आत काही उरलं नाही. तो गेल्यावर त्याला कुठले कपडे घालायचे ते बोललेय. आणि हा ऐकत होता, गाल हलवत होता, आणि मी बघितलंसुद्धा नाही. यंत्र म्हणालं नाही, म्हणजे नाही!"

मी फोन ठेवला आणि तशीच उठून मारीसाच्या खोलीत गेले. ती भिंतीवरच्या पडद्यावर महिन्याचे आकडे बघत होती. तक्रारींची रेघ एप्रिलनंतर उतरली होती.

"बघ," ती म्हणाली, "अपडेटनंतर किती शांतता आहे."

"शांतता?" माझा आवाज चढला. "अगं, तक्रार करतील कशाने? त्यांचं तोंडच आपण बंद केलंय! जे बोलू शकत नाहीत त्यांना तू समाधानी म्हणून मोजतेयस. लाज वाटू दे जरा!"

गास्तोन दारात उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मारीसाला वाईट वाटलं, मनापासून वाटलं, ते मी बघितलं. पण पुढचं अपडेट ऑगस्टमध्ये होतं आणि त्याआधी कॅमेऱ्याला हात लावायचा तर मोठ्या लोकांची परवानगी हवी होती. तेवढ्यात एक किरकोळ बदल मात्र लगेच करता आला. 'हालचाल आढळली नाही' हे वाक्य काढून त्यांनी तिथे घातलं, 'चला, पुन्हा प्रयत्न करूया!' सोबत एक हसरा चेहरा. मी बाथरूममध्ये जाऊन दाराला लाथ मारली. पाय सुजला, दाराला काही झालं नाही.

गास्तोनने गुपचूप जुनी आवृत्ती काढून माझ्या हातात दिली. "साठवलेली वाक्यं परत येणार नाहीत," तो खाली बघत म्हणाला. "नव्या आवृत्तीने त्यांची मांडणी बदलून टाकलीय."

"पुन्हा भरू."

"नोएलिया, मला खरंच..."

"गप्प बस रे."

तरी लगेच निघता येईना. टॅबलेट सरकारी मदत कार्यालयाने दिलेला, कुलूपबंद. आपोआप जाणारी अपडेट सोडली तर त्यांच्या परवानगीशिवाय त्यात काही घालता येत नव्हतं. मी अर्ज केला, फोन केले, आवाज चढवला, माफी मागितली, पुन्हा आवाज चढवला. तिकडे मिर्ताबाई अक्षरं मोठ्याने म्हणायची आणि गाल हलला की थांबायची. तिला चष्म्यातूनही नीट दिसत नव्हतं, त्यामुळे निम्मे शब्द भलतेच व्हायचे.

"दोन दिवस खपून पहिला शब्द काय निघाला सांगू?" ती म्हणाली. "शिवी. तुमच्या कंपनीला. आईवरून."

मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. मग मला रडू फुटलं.

मग तिचे फोन बदलत गेले. आज एकदाच हलला. आज थकलाय. आज सकाळी हलल्यासारखा वाटला. आजाराला परवानगी लागत नव्हती. पण मी तिला धीर द्यायचे, आणि तो धीर खोटा नव्हता. माणसाच्या डोळ्याला दिसत नाही एवढी हालचालही आमचा जुना कॅमेरा पकडायचा, ते मी कितीतरी लोकांच्या बाबतीत बघितलं होतं. "तुम्हाला दिसलं नाही तरी त्याला दिसेल," मी म्हणायचे.

परवानगी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळची बस पकडली. गुरुवारच होता. दुपार टळायला आली तेव्हा सालतोला पोचले. दोन जुने सोबती टेबलापाशी आधीच येऊन बसले होते, आंघोळ करून, केस चापून बसवून, लग्नाला आल्यासारखे. एल्बिओ खिडकीशी खुर्चीत होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. मला वाटला होता त्यापेक्षा खूप लहान दिसला.

"एल्बिओ, मी नोएलिया," मी म्हटलं. "कसं हसू हवंय, ते सांगायचं राहिलंय तुमचं."

नवीन काढलं, जुनं घातलं. टॅबलेट त्याच्यासमोर बसवला. मिर्ताबाईने पत्ते पिसून वाटले, तीन पानं त्याच्या पट्टीवर उभी केली. पडद्यावर अक्षरं उजळू लागली, एकेक, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. मग सगळी विझली.

हालचाल आढळली नाही.

मी खिडकीचे पडदे सरकवून उजेड वाढवला. टॅबलेट जवळ घेतला, लांब नेला, कॅमेरा जितका तिखट करता येईल तितका केला. सोबत्यांपैकी एकाने दिवा हातात धरला आणि तो हात न हलवता उभा राहिला. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. किती वेळा लावलं ते मी मोजलं नाही.

"यंत्राचं काही खरं नाही," मिर्ताबाई एकदम म्हणाली. तिने टॅबलेट बाजूला ढकलला, भावाच्या तोंडाशी वाकली आणि माझा हात घट्ट धरला. "मागेही असंच खोटं बोललं होतं. हा बघ, हलतोय. मला दिसतोय. बघ ना गं, हलतोय ना?"

सोबत्यांनी माना खाली घातल्या. मी वाकले. अगदी जवळून, श्वास रोखून त्या गालाकडे बघत राहिले. त्यावर पांढरे खुंट होते आणि दाढी करताना कापल्याची एक छोटी खूण होती. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघितलं.

"हो मिर्ताबाई," मी म्हटलं. "हलतोय."

"बघ, म्हटलं नव्हतं!" ती डोळे पुसत सोबत्यांकडे वळली. "आता खेळा रे. तो विचार करतोय. त्याला घाई करू नका."

त्यांनी पहिलं पान टाकलं. मी एल्बिओच्या शेजारी बसून राहिले, त्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस मला पुन्हा झालं नाही. गाल खरंच हलला होता की मी थाप मारली होती, हे त्या खोलीत फक्त त्याला माहीत होतं.