उजवा कौल

सुधीरने फॉर्मसोबत कागदाच्या पुडीत देवाचं फूल आणलं, तेव्हाच विनोदिनीच्या डोक्यात तिडीक गेली. डिचोलीच्या त्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून तिने नऊ वर्षं काढली होती. आईबापाला सोडताना रडणारे आणि गेटबाहेर पडताच मोबाइलवर हसणारे तिने पोटभर पाहिले होते. हा नमुना नवा होता.

"बाय, देवान उजवो कौल दिलो," सुधीर म्हणाला. "बाबांचें काळीज बंद पडलें जाल्यार कांयच करूं नाकात. तांकां सुखान वचूंक दियात."

फॉर्मवर तेच छापलं होतं. हृदय थांबल्यास छाती दाबू नये, अँब्युलन्स बोलावू नये. खाली मुलाची सही, मॅनेजर गोकुळदासची सही. ज्याचं हृदय त्याच्या सहीला फॉर्मवर जागाच नव्हती.

"बाबांना विचारलंत?" विनोदिनीने विचारलं.

"तांकां कित्याक त्रास? देवाक विचारलां न्हय."

"पयलीं दोनदां डावो पडलो," सून शुभांगी बोलून गेली, "मागीर तिसरे खेपेक उजवो..." नवऱ्याने डोळे वटारले.

देव पेडण्याकडे, गावच्या देवळात. दत्तारामबाबा दहा पावलांवर, व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले. वर्षापूर्वी झटका येऊन गेला होता, पण डोकं शाबूत. पाववाल्या पोदेराने शिळा पाव दिला तर त्यांचा आवाज रस्त्यावर खाणीच्या ट्रकवाल्यांनाही ऐकू जायचा. असा बोलता माणूस सोडून हा शहाणा न बोलणाऱ्या देवाला विचारायला गेला होता, आणि उत्तर पसंत पडेपर्यंत विचारत राहिला होता. विनोदिनीला थुंकावंसं वाटलं.

संध्याकाळी तिने दत्तारामबाबांना सगळं सांगून टाकलं. ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली. मग चेहरा उतरला. त्याच देवळात त्यांनी चाळीस वर्षं गुरवपण केलं होतं. लोकांच्या अडीअडचणीसाठी मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार, हे त्यांचंच काम होतं.

"कमी भिजयल्ली पाकळी पयलीं पडटा गो," ते म्हणाले. "लोक ठरोवनच येतात. हांवय तांकां जाय तशी भिजयतालों."

"तुम्हाला काय हवंय? छाती दाबताना बरगड्या मोडतात, तेही सांगते."

"मोडूं दी. म्हाका जगपाचें आसा. यंदाचे मानकुराद आंबे खावपाचे आसात." त्यांनी तिचा हात धरला. "तूं दाबतली मगो?"

"दाबणार," विनोदिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फॉर्म रद्द करा म्हणून ती गोकुळदासकडे गेली. हा माणूस पाहुण्यांसमोर म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा आणि पाहुणे गेले की त्यांची नावंही विसरायचा. "फॉर्म नातेवायकांचो," तो म्हणाला. "आयज एकल्याचें आयकलें जाल्यार फाल्यां सगळे म्हातारे अर्ज करतले." भेकड, विनोदिनी मनात म्हणाली. मुलगा भेकड, मॅनेजर भेकड, सगळे एका माळेचे मणी.

दत्तारामबाबांनी मग एक चिठ्ठी लिहिली आणि घडी घालून तिच्याकडे दिली. "सुधीराक दी. तो येतलो तेन्ना." तिने ती न वाचताच युनिफॉर्मच्या खिशात टाकली.

चौथ्या दिवशी दुपारी जेवताना ते ताटावरच कलले. विनोदिनीने धावत जाऊन त्यांना जमिनीवर आडवं केलं, नाडी लागत नाही हे पाहिलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. वीस झाले, पंचवीस झाले. एक बरगडी कट्कन मोडलेली तिला हाताखाली कळली. तेवढ्यात गोकुळदास फाइल घेऊन दारात आला.

"हात काड! सही आसा हांगा. केस जातली, तुजी नोकरी वतली. परत खंयच नर्स म्हणून घेवचे नात तुका!"

तिच्या डोळ्यांसमोर दोडामार्गला शाळेत जाणारी तिची दोन पोरं आली. तिने हात काढले. क्षणभरच काढते, असं तिने स्वतःला सांगितलं. मग ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. ताटातली आमटी निवेपर्यंत दत्तारामबाबा गेले होते.

सुधीर तासाभराने शुभांगीला घेऊन आला. बापाच्या कपाळाला हात लावला, डोळे पुसले आणि विनोदिनीपुढे हात जोडले. "देवान आयकलें. तुमीय आयकलें, बाय. शांतपणान गेले."

त्या जोडलेल्या हातांचा तिला असा संताप आला की तिने खिशातली चिठ्ठी काढली. गोकुळदासही तिथेच उभा होता. बरंच झालं, दोघांनाही ऐकवू, म्हणून ती मोठ्याने वाचू लागली.

"सुधीरा, तिसऱ्या खेपेला पाकळी कशी पडते ते मला ठाऊक आहे. मी चाळीस वर्षं तेच केलं, म्हणून तुला शिव्या देत नाही. पण मला जगायचं आहे. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

सुधीरची मान खाली गेली. शुभांगी हुंदके देऊ लागली. विनोदिनीला बरं वाटलं. तिने आवाज आणखी चढवला.

"तू विचारलं नाहीस तरी काही बिघडत नाही. मी विनोदिनीला सांगून ठेवलंय. ती कुणाला भिऊन हात काढणारी नाही."

चिठ्ठी तिथेच संपली होती. गोकुळदास तिच्या हातांकडे बघत होता.