‘माझ्याविषयी’ या पानासाठी

“बाबा, पण तुम्ही नक्की करत काय होतात?” लेकीची बोटं लॅपटॉपवर थांबली होती.

“चालू ठेवत होतो.”

“काय?”

“हॉस्पिटलचा कॉम्प्युटर.”

“तेहतीस वर्षं? अहो, फ्रिजसुद्धा चालू राहतो की, आपला आपण!”

मला हसू आलं. आमचा जुना प्रोग्रॅम हॉस्पिटल आता बंद करणार होतं. त्यातल्या रुग्णांच्या नोंदी नव्यात नेण्यासाठी सहा महिने जाणकार माणूस हवा होता. व्यवस्थापकांनी सकाळीच कळवलं होतं, वेबसाइट असेल तर पाठवा, पाचला बैठक आहे. निवृत्तीनंतर पुन्हा त्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसायला मिळावं, एवढंच माझ्या मनात होतं. वेबसाइट कुठली असायला! लेकीनं ती तासाभरात उभी केली. ‘माझ्याविषयी’ हे पान तेवढं रिकामं राहिलं.

शेवटी तिनंच लिहिलं : ‘तंत्रज्ञान क्षेत्रातील तज्ज्ञ. हॉस्पिटलची संपूर्ण संगणक प्रणाली उभारली.’

“उभारली आमच्या वरिष्ठ मॅडमनी,” मी म्हणालो. “त्या चार वर्षांनी सोडून गेल्या. मी नुसत्या दुरुस्त्या केल्या.”

“कोण विचारायला येतंय?”

“कोणी नाही. तरी.”

“तुम्ही ना बाबा, स्वतःच्या लग्नातही मागच्या रांगेत उभे असाल.”

“आईला विचार. शोधून आणलं होतं मला.”

मॅडमनी घालून दिलेली एक रीत होती. प्रोग्रॅममध्ये काही बदललं की तिथंच वर तारीख आणि कारण लिहायचं. त्यात मी कधी चुकलो नाही. कारण लिहिणं सोपं असतं, स्वतःबद्दल लिहिणं मला आजवर जमलेलं नाही. बराच वेळ घुटमळून मी तिची ओळ पुसली आणि लिहिलं : ‘प्रोग्रॅम आमच्या मॅडमनी तयार केला. त्यानंतर एकोणतीस वर्षं मी तो दुरुस्त करत राहिलो.’ पावणेपाचला पाठवूनही दिलं.

साडेपाचला व्यवस्थापकांचा फोन आला.

“छान लिहिलंय, काका. त्या मॅडमचा नंबर मिळेल का? मूळ काम ज्यांचं, त्यांनाच बोलवावं असं ठरलंय.”

मी नंबर दिला. आकडा चुकायला नको म्हणून दोनदा सांगितला.

“घ्या!” लेक तणतणली. “एवढ्या वर्षांत काय काय बदललं, हे त्यांना काय ठाऊक?”

“सगळं लिहून ठेवलंय तिथं. त्या वाचतील.”

तिनं लॅपटॉप मिटला. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाली, “काय लिहिलंय? एखादं सांगा ना.”

मी आठवू लागलो. “एकदा बाळंतीण वॉर्डातली नर्स दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘साहेब, नाव नाही म्हणून तुमचं मशीन पोरीची नोंदच घेत नाहीये. तिचं रक्त तपासायला पाठवायचंय हो.’ नावाशिवाय पुढे जायचं नाही, असा नियमच होता प्रोग्रॅममध्ये. मी तो काढला. कारण लिहिलं : बाळाचं नाव अजून ठरलेलं नाही.”

“मग? काय ठेवलं नाव?”

“ते आपण वाचायचं नसतं गं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर नावाची रिकामी जागा भरलेली होती.”