चौथ्या जोडीची शेपटी

मी एक कात्री आहे, जुनी, बारीक टोकांची, आणि आता एका पात्याला गंज चढलेली. पण मित्रांनो, मी कधी कापड कापले नाही की कुणाचे केस. मी माणसांची गुणसूत्रे कापत असे, म्हणजे त्यांचे फोटो. हे मला नीट सांगता येईल की नाही, याची धाकधूक आहे. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

मी शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात घडले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे होते, पण पाती केसभर लांब निघाली, म्हणून रक्ततपासणीच्या एका प्रयोगशाळेत आले. तिथे मला वापरणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताई रक्तातल्या पेशी वाढवत, रंगवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. मग डार्करूममधले काका एकेका पेशीचा तळहाताएवढा फोटो काढून देत. त्यात धाग्याच्या तुकड्यांसारखी सेहेचाळीस गुणसूत्रे विखुरलेली असत. मी एकेक कापायचे, ताई चिमट्याने उचलून जोड्या लावायच्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. तेवीस जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडचे, एक वडिलांकडचे.

तुम्ही विचाराल, दोघांनी आपापली सगळी दिली तर मुलात ब्याण्णव व्हायला हवीत. होत नाहीत, कारण बीजपेशी तयार होताना शरीर स्वतःच एक वाटणी करते. तिला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. जोडीदार आधी अगदी जवळ येतात, आपले बारीक तुकडे एकमेकांना देतात, आणि मग एक इकडे, एक तिकडे. पुढे तेवीसच जातात. म्हणूनच सख्खी भावंडेही एका साच्यातून काढल्यासारखी नसतात. एखादी जोडी वेगळी झालीच नाही, तर बाळात एक गुणसूत्र जास्त येते किंवा कमी पडते. मी उभा जन्म कापण्यात घालवला, पण इतकी नीट वाटणी मला कधी जमली नाही. आणि तीही कधीकधी चुकते.

आता ती दुपार सांगते.

एक नवराबायको आमच्याकडे येत होते. त्यांची तीन बाळे पोटातच गेली होती. बायकोचा रिपोर्ट चांगला आला होता. नवऱ्याचा त्या दिवशी पाच वाजता मिळायचा होता. बरोबर त्याची आई होती. रक्त द्यायच्या दिवशीच ती खिडकीपाशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "माझ्या मुलाचा कागद स्वच्छ येऊ दे. मग हिला माहेरी पोचवून येते. कायमची." मुलगा आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला. सून एवढेच म्हणाली, "आई, खरं काय ते एकदा कळू दे. मग मी स्वतःच बॅग भरीन."

चार वाजले होते. ताईंनी पहिला फोटो समोर घेतला. चौथ्या जोडीतल्या एका गुणसूत्राच्या टोकाला बारीकशी शेपटी होती.

"रंगाचा डाग," ताई पुटपुटल्या आणि त्यांनी मला पुढे केले. मी ती शेपटी कापली. ती टेबलाखालच्या डब्यात पडली. विसाव्या जोडीतले एक गुणसूत्र जरा आखूड दिसत होते. "हे वाकलंय," म्हणून तेही चिकटवले गेले. मोजणी झाली. सेहेचाळीस.

काका दारात आले. "झालं ना? बाहेर आजीबाईंनी डोकं खाल्लंय माझं. तासात चारदा विचारलं. लिहून टाका नॉर्मल."

"दुसरी पेशी राहिलीय."

"ती उद्या लावा पुठ्ठ्यावर. सेहेचाळीस म्हणजे सेहेचाळीस, त्यात काय एवढा खल करायचा?"

आमच्याकडे रीत होती की दोन पेशी चिकटवल्याशिवाय सही करायची नाही. ताईंनी घड्याळ पाहिले. पेनचे टोपण काढले. मला बोलता येत नव्हते, आणि बोलता आले असते तरी मला तरी काय ठाऊक होते? क्षणभर पेन कागदावर टेकलेसुद्धा. मग ताईंनी सुस्कारा सोडला आणि दुसरा फोटो ओढला.

पुन्हा चौथी जोडी. पुन्हा टोकाला शेपटी. ताईंचा हात सवयीने वळला. माझी पाती शेपटीच्या दोन्ही बाजूंना टेकली. जरासा दाब पडला असता, तर सगळे संपले असते.

हात थांबला.

"काका, एकच डाग दोन पेशींत एकाच जागी पडतो का हो?"

"माझ्या शर्टावर पडतो, रोज. फोटोत नाही." आणि मग काकांचेही हसू मावळले.

ताई खाली बसून डब्यातली चिटोरी चाळू लागल्या. शेपटी सापडली, नखाच्या कोरेएवढी. ती विसाव्या गुणसूत्राच्या तुटलेल्या टोकाशी तंतोतंत जुळली. मग सूक्ष्मदर्शकाखाली आणखी दहा पेशी पाहिल्या. दहांतही तेच. सव्वापाच झाले. प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी सगळे पाहिले, मला उचलले आणि त्या तिघांसमोर जाऊन बसल्या.

त्यांनी चौथ्या जोडीच्या म्हणून दोन लांब आणि विसाव्या जोडीच्या म्हणून दोन आखूड कागदी पट्ट्या कापल्या. एका आखूड पट्टीचे टोक छाटून एका लांब पट्टीला चिकटवले.

"तुमच्यात हे असं आहे," त्या मुलाला म्हणाल्या. "सामान सगळं घरातच आहे, फक्त जागा बदललीय. म्हणून तुम्ही ठणठणीत. पण बाळासाठी वाटणी होताना एक लांब आणि एक आखूड पट्टी जाते. दोन्ही साध्या गेल्या तर उत्तम. शेपटीवाली आणि तुटकी गेली, तरी बाळ तुमच्यासारखंच. पण शेपटीवाली आणि अख्खी आखूड गेली, की तो तुकडा जास्त होतो. साधी लांब आणि तुटकी गेली, की कमी पडतो. अशी बाळं बरेचदा टिकत नाहीत."

"म्हणजे टिकणारं बाळही होऊ शकतं?" सुनेने विचारले.

"होऊ शकतं. तपासत तपासत जाऊ."

"म्हणजे खोट माझ्या मुलात?" आजीबाईंचा आवाज चढला.

"यात दोष कुणाचाच नाही, मावशी. पुष्कळदा हे आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेलं असतं. तुमची बाळंतपणं कशी झाली?"

आजीबाईंनी तुटकी पट्टी उचलून हातात घेतली.

"ह्याच्या आधी दोन गेली," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूनं तेव्हा मला..." मग त्यांनी आपला हात टेबलावर ठेवला. "माझंही रक्त घ्या." आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "तू इथं बस, माझ्याजवळ. मला सुई बघवत नाही."

सून उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

आजीबाईंच्या रक्तात काय निघाले, ते मी सांगणार नाही. ते त्यांचे आहे. आता जोड्या संगणकाच्या पडद्यावर लावतात आणि मी खणात पडून असते. कधीमधी पाकिटाची कड कापते. तक्रार नाही. फक्त, मित्रांनो, कुणाला दोष देऊन वेगळे काढण्याची घाई झाली, तर आधी दुसरा फोटो मागवा. त्या दुपारी मला वाटत होते की मी कागद कापते आहे.