सदतीस नगांच्या चिठ्ठ्या

सहा वर्षं मी दुपारी झोपलो नाही. खोटं वाटत असेल तर नारायण पेठेतल्या मांजरांना विचारा. दुपारी एक ते चार पेठेत जागी असणारी तेवढीच, आणि मी.

कारण माझी आरामखुर्ची. शिसवी, वेताची, लांब हातांची. वरच्या मजल्यावरच्या रविराजने सासरे येणार म्हणून ती चार दिवसांकरता मागून नेली. सासरे आले, गेले. खुर्ची वरच राहिली. महिन्याने मागायला गेलो, तर त्याच खुर्चीत पाय पसरून हा म्हणतो, "कुठली खुर्ची, काका?"

जिन्याला सोळा पायऱ्या. उतरताना पहिल्या पायरीवर राग आला, सोळावीपर्यंत त्याचं लोणचं घालून झालं. सहा वर्षं मुरलं ते.

दोन हजार साली त्याला कॉम्प्युटरवाल्या कंपनीने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. घर मोकळं करायचं म्हणून त्याने सगळं सामान राजनंदिनीबाईंच्या विक्रीत ठेवलं. बाई दरवर्षी कोपऱ्यावरचं मंगल कार्यालय भाड्याने घेत. लोक घरातल्या वस्तू तिथे विकायला ठेवीत. विकली गेली तर पैसे, नाही तर वस्तू परत. प्रत्येक नगाला दोऱ्याने किमतीची चिठ्ठी, चिठ्ठीवर ठेवणाऱ्याचं नाव, आणि पैसे काय, वस्तू काय, बाई देणार ती फक्त त्या नावाच्या माणसाला.

चिठ्ठ्या छापतो कोण? अस्मादिक.

रविराज छापखान्यात यादी टाकून गेला. "सदतीस नग, काका. एकदम अर्जंट."

यादी वाचली. नग चार, आरामखुर्ची. नग नऊ, तांब्याचा बंब, तो मालनबाईंचा. नग बारा, शिडी. ती सोनबा रंगाऱ्याची. बाकीचेही असेच, इमारतीतून मागून नेलेले. या माणसाने स्वतः विकत घेतलेली वस्तू शोधायला मला भिंग काढावं लागलं. सापडली. नग सदतीस, प्लॅस्टिकची बादली.

संध्याकाळी इमारतीत घरोघर जाऊन कुठला नग कुणाचा ते लिहून आणलं.

मालनबाई म्हणाल्या, "अहो, तो 'कुठला बंब?' असं इतकं ठासून म्हणाला की मलाच वाटलं, आपल्याकडे बंब नव्हताच!"

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाने कच्चा छाप वाचून सही केल्याशिवाय यंत्राला हात लावत नाहीत. मी सगळ्या चिठ्ठ्यांचा छाप काढला आणि रविराजला बोलावलं. मालकांची नावं ठळक टाईपात होती. लपवाछपवी मला जमत नाही.

"नीट वाच रे. सही केलीस की जबाबदारी तुझी."

याच्या कानाला मोबाईल, बोट फक्त किमतींवर. "येस, येस, डेफिनेटली... काका, खुर्चीचे आठशे नको, बाराशे करा. अँटिक आहे ती."

"आहेच," मी म्हटलं.

त्याने झोकात सही ठोकली.

सामान टेम्पोने गेलं. चिठ्ठ्या मी थेट कार्यालयात पोचवल्या, तिथल्या मुलींनी त्या बांधल्या आणि त्यांवरूनच बाईंची वही भरली. विक्रीच्या सकाळी दार उघडायच्या आधी मी रांगेत पहिला, मागे अख्खी इमारत.

"नग चार परत न्यायचाय. विचार बदलला."

राजनंदिनीबाईंनी चिठ्ठीवरचं नाव पाहिलं. "अनंत. बरोबर. न्या."

रविराज अकराला उगवला, तेव्हा सोनबा शिडी खांद्यावर टाकून बाहेर पडत होता.

"मॅडम! हे सगळं सामान माझंय!"

"आपलं नाव?"

"रविराज."

बाईंनी वही चाळली. "आपली बादली आहे. पंधरा रुपये. अजून कुणी विचारली नाही."

"चीटिंग आहे! या काकांनी छापलंय सगळं!"

मी कच्चा छाप टेबलावर ठेवला. बाईंनी सही पाहिली, मग सही करणाऱ्याला पाहिलं. "वाचता येतं ना आपल्याला? अमेरिकेत लागेल."

बादली विकली गेली नाही. ती हातात घेऊन तो घरी आला.

विमान तिसऱ्या दिवशी होतं. वरचं घर इतकं रिकामं झालं होतं की तो शिंकला की शिंक चार खोल्या फिरून, जिना उतरून माझ्या दारापर्यंत यायची. त्या दिवशी निरोप द्यायला सासरे आले, तेच सहा वर्षांपूर्वीचे. दुपारी दोनला रविराज खाली आला.

"काका... सासऱ्यांना टेकायला काहीच नाहीये. तासभर खुर्ची द्याल?"

मी लांब हातांवर पाय टाकून पडलो होतो. डोळे उघडले नाहीत.

"कुठली खुर्ची?"

सासऱ्यांनी उपड्या बादलीवर बसून आशीर्वाद दिले म्हणे. मला कसं कळणार? सहा वर्षांची झोप एकदम आली होती. शपथेवर सांगतो, जाग आली तेव्हा त्याचं विमान अमेरिकेत उतरलेलं होतं.