कोऱ्या डोक्याचा पिंगळा

मी दुर्बीण. दूरचं जवळ आणून दाखवणं हे माझं काम. ते मी इतकी वर्षं केलं आणि त्याचा मला थोडा तोराही होता. गेल्या आठवड्यात तो उतरला.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, पण समज आली ती धुळ्यात, एका वकीलसाहेबांच्या घरी. डोंगर-किल्ले पाहायचे म्हणून त्यांनी मला घेतलं. लळिंगच्या किल्ल्यावर एकदा नेलंही. पुढची अकरा वर्षं मी त्यांच्या गॅलरीतून समोरच्या वकिलाच्या पायऱ्या पाहिल्या. कोण चढतं, किती वेळाने उतरतं, उतरताना हसतं का. माणसाला दूरचं पाहायची हौस असते म्हणतात. मला भेटलेल्या माणसांची नजर शेजाऱ्याच्या पलीकडे फारशी गेली नाही.

साहेब वारल्यावर त्यांच्या पत्नीने मला आपल्या भाचीला, चारुलताला देऊन टाकलं. चारूताई सावद्याच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायच्या. घर मळ्यात, तिन्ही बाजूंना केळी, उत्तरेला सातपुडा. इथे मी पहिल्यांदा पक्षी पाहिले आणि वकिली सोडल्याचं समाधान मला मिळालं.

पण आमच्या हातून एक चूक झाली. आमच्याकडे केळीच्या घडांवर निळ्या पिशव्या घालतात, डाग पडू नयेत म्हणून. तसली एक फाटकी पिशवी वाऱ्याने लांबच्या बाभळीवर जाऊन बसली. ताईंनी माझ्यातून पाहिलं आणि नीलपंख म्हणून आसपासच्या मळ्यांतली माणसं गोळा केली. शेजारच्या मळ्यातले मोतीलालभाऊ बाभळीपर्यंत गेले, पक्षी काठीने काढला, घडी घातली आणि ताईंच्या हातात दिला.

"घ्या ताई, पाखरू. धुतलं का पुन्हा वापरता येते."

त्या दिवसापासून गावात उडालेला प्रत्येक प्लास्टिकचा तुकडा 'चारूताईचा नीलपंख' झाला. ताईंनी मला कपाटात टाकलं, ओल्या रेनकोटच्या शेजारी. चार पावसाळे मी तिथे काढले आणि माझ्या भिंगांत बुरशी धरली. बाहेरून काही दिसत नाही. आतून कोळ्याचं जाळं.

यंदा एप्रिलच्या अखेरीस ताईंनी कपाट उघडलं. मोतीलालभाऊंच्या बांधावरच्या वाळलेल्या कडुनिंबावर भर उन्हात एक छोटं घुबड बसलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताईंनी मला त्याच्यावर रोखलं. मागे दूध उतू गेलं, त्याचं भान राहिलं नाही.

साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. या पक्ष्याचं डोकं कोरं होतं. कोऱ्या डोक्याचा तो रानपिंगळा. एके काळी संपलाच म्हणून सोडून दिलेला आणि पुढे सातपुड्याच्या रानात सापडलेला. तो आता भांडी घासायच्या मोरीपासून शंभर पावलांवर होता. ढोलीतून आणखी दोन डोकी बाहेर आली. पिल्लं होती.

ताई आनंदाने खुर्चीत बसल्या आणि लगेच उठल्या, कारण त्यांना आठवलं की ते झाड दुसऱ्या दिवशी सकाळी तोडायचं ठरलं आहे. मे महिन्यातलं वादळ आमच्याकडे उभी केळी आडवी करतं. वाळका निंब पडला असता तो मोतीलालभाऊंच्या घडांवरच.

ताई बांधावर गेल्या. मी गळ्यात होते.

"भाऊ, झाड थोडे दिवस राहू द्या. दुर्मीळ पक्षी आहे, पिल्लं आहेत."

"निळा हाये का?" मोतीलालभाऊंनी विचारलं.

"थट्टा नका करू."

"थट्टा नाई ताई. खरंच तसलं पाखरू असन तं मी फांदीले हात लावनार नाई, जबान देतो. पन साधं घुबड निंघालं तं करवत चालन. वारा काई मले विचारून येत नाई."

ताईंनी धुळ्याच्या भूमिकाला फोन लावला. ही मुलगी घुबडांचा अभ्यास करते. ती म्हणाली, "सकाळी दहापर्यंत पोचते, काकू. ठिपके नक्की नव्हते ना?"

"नक्की," ताई म्हणाल्या.

ठिपके नव्हते, की माझ्या बुरशीने ते गिळले होते? बोलता येत असतं तर तेव्हाच कबूल केलं असतं. कदाचित केलं नसतंही. कपाट मला चांगलं आठवत होतं.

संध्याकाळी ताईंचे यजमान लीलाधरभाऊ घरी आले. त्यांनी मला हातात घेतलं, निंबाकडे पाहिलं, मग आमच्या सालदाराची, तोतारामची, कोंबडी अंगणात दूरवर दाणे टिपत होती, तिच्याकडे वळवलं. बराच वेळ पाहत राहिले.

"तोतारामची कोंबडी ठिपक्याची हाये ना?"

"हो. का?"

"यातून कोरी दिसून राह्यली."

ताईंनी मला ओढून घेतलं. कोंबडी खरोखर स्वच्छ, धुतल्यासारखी दिसत होती. एकही ठिपका नाही.

"रानकोंबडी म्हनून कळव भूमिकाले," लीलाधरभाऊ म्हणाले. मग बायकोचा चेहरा पाहून त्यांनी थट्टा आवरली. म्हणाले, "पोरीले येऊ नको म्हनून सांगायचं का?"

"नाही," ताई म्हणाल्या. पण त्या रात्री जेवल्या नाहीत.

सकाळी आठलाच ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत करवत, दोर आणि दोन माणसं. भूमिका अजून पारोळ्याच्याही पुढे आली नव्हती. ताई निंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ट्रॉली झाडाला लावा. मला वर चढू द्या."

"ताई, पडसान."

"पडेन. लावा."

त्या ट्रॉलीच्या फळीवर चढल्या. ट्रॅक्टरच्या आवाजाने पक्षी ढोलीतून बाहेर येऊन खालच्या फांदीवर बसला होता. मी तयार होते. पण ताईंनी मला उचललं नाही. मी गळ्यात तोंड खाली करून लोंबत होते. मला दिसत होते ते फक्त त्यांचे पाय, चवड्यांवर उभे.

मग ताईंचा आवाज आला, अगदी हळू.

"डोकं कोरं आहे, भाऊ. डोळ्यांनी पाहिलं."

मोतीलालभाऊ स्वतः वर चढले. बराच वेळ पाहून म्हणाले, "मले तं घुबडच दिसते. पन ठिपका नाई, हे खरं."

दहाच्या जागी अकराला भूमिका आली. तिने लांबूनच पाहिलं, खाली मातीत बसली आणि होकारार्थी मान हलवली. नंतर एवढंच म्हणाली, की फोटो काढणाऱ्यांना हे झाड कळता कामा नये.

शब्द दिलेला होता. मोतीलालभाऊंनी करवत परत पाठवली आणि दोर ठेवून घेतला. घडाच्या वजनाने केळ कलू नये म्हणून तिला दोरीचा ताण देतात, तसा त्यांनी निंबाला ताण दिला. पडलंच तर केळीच्या उलट्या बाजूला पडावं. काम करताना ते वर बघून घुबडाला शिव्या देत होते, पण आवाज न करता.

आता भूमिकाने दिलेली नवी दुर्बीण ताईंच्या गळ्यात असते. मला फेकलं नाही. खिडकीतल्या खिळ्याला टांगलं आहे, भिंतीकडे तोंड करून. माझी तक्रार नाही. खरं दाखवूनही खोटी ठरण्याची भीती काय असते, ते मी भोगलं आहे. आणि ते खरं होतं यात माझा काही वाटा नव्हता, हेही मला कळतं.

पिल्लं अजून ढोलीत आहेत. आज दुपारपासून वारा सुटला आहे. दोर ताणला की करकरतो, तेवढं मला ऐकू येतं. ताई मघाशी दार उघडं टाकून बांधाकडे धावत गेल्या, अजून आलेल्या नाहीत. झाड सावद्याच्या कोणत्या बाजूला आहे, ते मला विचारू नका. फक्त मला कुणीतरी जरा खिडकीकडे वळवा.