पुलावर टांगलेला गाळपडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. पण नाटकाचा नव्हे. जाड पिवळं कापड, वरच्या काठाला तरंगणारे डबे, खालच्या काठाला लोखंडी साखळी. मला उभं राहायचं असतं ते पाण्यात.

तरुणपणी मी बंदरात होतो. जहाजांचं तेल, रंग आणि कारखान्यांची घाण तळाशी बसून तिथे काळा गाळ झाला होता. यंत्र तो उपसू लागलं की विष पुन्हा वर उठे. मी यंत्राभोवती कडं करून ते अडवत असे. आत काळं पाणी, बाहेर जिवंत खेकडे. कौतुक म्हणाल तर, खलाशी माझ्यावर थुंकत नसत.

पुढे मुठा नदीचा गाळ काढायचं ठरलं आणि मला पुण्यात आणलं. यंत्र सुरू करायला मोठे पाहुणे येणार होते.

"साहेब, पडदा पाण्यात सोडायला हवा," सलोनी नावाची तरुण इंजिनिअर म्हणाली.

"पाण्यात सोडला तर दिसणार कुणाला?" साहेब म्हणाले.

नदीच्या खालच्या अंगाला मासेमारी करणारे सर्जेराव हात जोडून उभे होते. "साहेब, गाळ खवळला की माझी चिलापी मरंल. तिच्यावरच घर चालतंय. आधी पडदा लावा, मग मशीन चालवा."

"मासे थांबतील हो. पाहुणे थांबत नाहीत."

मला पुलाच्या कठड्याला बांधलं. अंगावर 'निर्मळ नदी' असं रंगवलं. पाहुण्यांनी माझ्यापुढे फोटो काढले. माझ्यामागे यंत्र घरघरलं आणि काळं पाणी मोकळं वाहत गेलं.

दोन दिवसांनी सर्जेराव पुलावर आले. टोपलीभर मेलेली चिलापी त्यांनी माझ्या पायाशी ठेवली. फिरायला निघालेले नारायण पेठेतले गोपाळकृष्णपंत नाकाला रुमाल लावून थबकले.

"अहो, वास येतोय! पलीकडे टाका की. पडदा कशाला लावलाय?"

"त्येच इचाराया आलोय," सर्जेराव म्हणाले.

पंत पुढे गेले. साहेब आलेच नाहीत. ऊन चढल्यावर सर्जेरावांनी माझी कड उचलली आणि टोपली नदीत रिकामी केली. त्यानंतर ते जाळं घेऊन कधी दिसले नाहीत.

मित्रांनो, वस्तू सांभाळून वापरा, असं शेवटी सांगायची पद्धत आहे. मला फार सांभाळतात हो. दर सोमवारी धुतात, धूळ बसू देत नाहीत. यंत्र अजून चालूच आहे. मी अजून फाटलेलो नाही. मला एवढं खाली सोडा.