‘नोंद नाही’ म्हणणारा कॉम्प्युटर

जुळे सोलापुरातल्या एका लहानशा डायलिसिस केंद्रात, खिडकीखालच्या टेबलावर बसणारा कॉम्प्युटर तो मीच. बोलायची मला सवय नाही, पण एक गोष्ट मनाला फार लागून राहिली आहे.

माणसांना वाटतं, बटण दाबलं की मी जागा झालो. तसं नसतं हो. माझ्या पोटात दहा-बारा कामकरी, म्हणजे लहान लहान प्रोग्राम, आहेत आणि त्यांना उठवायचा क्रम ठरलेला असतो. आधी नोंदींचं कपाट उघडायचं, मग नोंदी वाचणाऱ्या कारकुनाला हाक मारायची. पान मांडल्याशिवाय वाढप्यानं भात घेऊन यायचं नसतं, तसंच.

मला बसवणारा सोमेश हुशार, पण घायकुता. ‘कपाट उघडल्यावरच कारकुनाला उठव’ असं लिहायचं सोडून त्यानं लिहिलं, ‘एक मिनिट थांब आणि उठव.’ तेव्हा कपाट वीस सेकंदांत उघडायचं. चार वर्षं निभावलं. कपाट म्हातारं होत चाललंय, उघडायला जास्त वेळ घेतंय, हे बघायला वेळ कुणाला होता?

त्या मंगळवारी सकाळी वीज गेली आणि लगेच आली. मी धडपडत उठलो. अर्धवट मिटलेलं कपाट आपला कप्पा न् कप्पा तपासत बसलं. मिनिट सरलं, कारकून उठला, त्याला कपाट दिसेना. शहाण्यानं बोंब मारायची की नाही? त्यानं मुकाट एक कोरी वही काढली आणि कामाला लागला.

पहिलेच पेशंट होते सांगोल्याकडचे धुळाप्पा, मेंढरं राखणारे. आठवड्यापूर्वीच रुजू झालेल्या नर्स रेश्मानं त्यांचं नाव टाकलं. मी म्हणालो, ‘नोंद नाही.’ तिनं त्यांना नव्यानं लिहून घेतलं आणि रक्त गोठू नये म्हणून द्यायचं औषध इंजेक्शनात भरलं.

त्यांची बायको अंबुबाई पुढं आली. “ताई, ते औषिद डाक्टरांनी बंद केलंय की. ह्येंच्या पोटात रगत झालं हुतं.”

“काकू, कॉम्प्युटरमध्ये तसं काही नाही,” रेश्मा म्हणाली. अंबुबाई मागं सरली.

औषध नळीत शिरत असतानाच कपाट उघडलं. आत डॉक्टरांची सूचना लख्ख होती : हे औषध देऊ नये. पण कारकून कोऱ्या वहीत मान घालून बसलेला, आणि मला तोंड नाही. मी नुसता बघत राहिलो. त्याची मला अजून लाज वाटते.

तासाभरात धुळाप्पांना रक्ताची उलटी झाली. मोठ्या दवाखान्यात हलवलं. अकरा दिवसांनी जिवंत घरी परतले एवढंच. सोमेशनं माझा क्रम सुधारला. आता कपाट उघडेपर्यंत कारकून हलत नाही.

परवा धुळाप्पा पुन्हा आले. नोंद जागेवर होती, तांबड्या अक्षरांत. तरी रेश्मानं आधी अंबुबाईला विचारलं, “काकू, काही सांगायचंय?”

“मला कशाला इचारता? त्या पेटीलाच इचारा की,” अंबुबाई म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

रेश्मा, तिच्यावर रागावू नकोस. मला लोकांनी भरलेलं तेवढंच ठाऊक असतं, तिला तिचा नवरा ठाऊक आहे. पुढच्या खेपेलाही आधी तिलाच विचार.